बूड बघून घेतलेली सुट्टी

कुणाच्याही घरी गेले की अप्पा आधी पेला पालथा करून बघायचे. त्यात पाणी आहे की नाही, हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. माझं लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा बायकोने अदबीने पाणी पुढे केलं. अप्पा पाणी प्यायले, शेवटचा घोट शिल्लक असतानाच त्यांनी पेला उलटा केला, बुडावर नखाने टिचक्या मारल्या आणि तो घोट आमच्या नव्या सोफ्यात मुरत असताना म्हणाले, "पोरगी चांगली हाय बे. पेला कुटनं घेतलास? फसवलंय तुला." एका दमात सुनेचं कौतुक आणि पेल्याची नालस्ती झाल्यामुळे हसावं की रागवावं, हे आम्हाला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा डझन जाडजूड पेले घरपोच आले. बिलासकट.

अप्पांचं भांड्यांचं दुकान सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस. मी लोकांचे टॅक्स भरून देतो. अप्पा मला 'वकील' म्हणायचे. मी वकील नाही हे सांगून सांगून मी थकलो आणि मग मुकाट्याने वकील झालो. भाडं ते वेळेवर घ्यायचे. सल्ला रोज विचारायचे, घेतला मात्र एकदाही नाही. घरात ते कानडी बोलायचे, दुकानात मराठी, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी दोन्हीतलं काहीच नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत ते पंख्याकडे बघत बसायचे.

"तोंड काय, समदीच भांडी घासूनपुसून ठेवत्यात. बूड बघायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मुलीचं लग्न ठरवताना बाकीची मंडळी बैठकीत मुलाचा पगार विचारत होती, तेव्हा अप्पा हात धुवायचं निमित्त करून त्या लोकांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि दुधाच्या पातेल्यावर टिचक्या मारून आले. "जाड हाय. द्या पोरगी," एवढंच म्हणाले. जावई सोन्यासारखा निघाला, मुलीला बेंगळुरूला सुखात ठेवलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. अप्पांचा आपल्या टिचकीवरचा विश्वास कायमचा पक्का झाला.

त्यांचा दुसरा सोस भांड्यांवर नावं घालण्याचा. कुणी पातेलं घेतलं की पैसे मोजण्याआधी अप्पा मशीन हातात घेऊन विचारायचे, "नाव काय घालू?" मशीनचा घर्र आवाज वर माझ्या ऑफिसात यायचा आणि माझे अशील फोनवर विचारायचे, दाढ काढताय का म्हणून. नाव घातलं नाही तर भांडं आपलं कसं, हे अप्पांना समजायचंच नाही. लग्नकार्यात सतरा घरची पातेली एकत्र झाली की नावच कामाला येतं, असं ते म्हणायचे आणि त्यात तथ्य होतं. आमच्या घरातलं चहाचं गाळणंही त्यांनी सोडलं नाही.

असा हा माणूस दुकान सोडून कुठे म्हणून गेला नव्हता. अक्कलकोटला सकाळी जाऊन दुपारी परत, बेंगळुरूला नातवाच्या बारशाला जाऊन दुसऱ्या दिवशी परत. कारण विचारलं तर सांगायचे, "शटर खाली दिसलं की गिऱ्हाईक म्हनतंय, गेला अप्पा."

आणि अप्पा कुठे गेले नाहीत म्हणून गौराक्काही गेल्या नाहीत. गौराक्का म्हणजे अप्पांची बायको. ठेंगण्या, शांत, कपाळावर विभूती, आणि हातात कायम काहीतरी मळलेलं नाहीतर चिरलेलं. घरची माणसं, दुकानातले दोन नोकर आणि माल घेऊन आलेला जो कुणी व्यापारी असेल तो, या सगळ्यांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडे. घर दुकानाच्या मागेच. गल्ला मोजून झाला की अप्पा बसल्या जागेवरून मागच्या दाराकडे तोंड करून आवाज द्यायचे, "गौरा, सैपाक झाला का?" तो आवाज मी ऑफिसात बसून इतकी वर्षं ऐकला की माझीही भूक त्या हाकेवर चालायला लागली.

तर या घरात सुट्टीच्या मेंबरशिपचं खूळ कसं शिरलं, ते सांगतो. गड्ड्याच्या जत्रेत एक स्टॉल लागला होता. पुठ्ठ्याचा समुद्र, पुठ्ठ्याचं नारळाचं झाड आणि नाव-फोन लिहून टाकायची पेटी. अप्पांनी चिठ्ठी टाकली. आठवड्याभरात फोन आला, तुम्ही भाग्यवान विजेते आहात, अमुक हॉटेलात जोडीने या, कुकर घेऊन जा. आता ज्याच्या दुकानात कुकरची उतरंड छताला टेकली आहे, त्याने कुकरसाठी पुणे रस्त्यावरच्या हॉटेलपर्यंत रिक्षा करावी का? मी तसं विचारलं. अप्पा म्हणाले, "माझ्या दुकानातला कुकर मला फुकट पडतोय व्हय?"

त्यानंतर चटकच लागली. या कंपन्यांचा नियम असा की नवरा-बायको दोघांनी यायचं, दीड-दोन तास त्यांचं ऐकून घ्यायचं आणि मगच भेटवस्तू मिळते. अप्पा भेटवस्तूसाठी जायचे. तिथेच सगळ्यांसमोर तिच्या बुडावर टिचकी मारून "पातळ हाय" असा निकाल द्यायचे आणि तरी घेऊन यायचे. गौराक्का इरकल नेसून जायच्या. थंडगार हॉल, टोमॅटोचं सूप, पडद्यावर डोंगर आणि समुद्र. सूप कुणीतरी दुसऱ्याने आणून दिलेलं असायचं. त्या ते इतक्या सावकाश प्यायच्या की वेटर दोनदा वाटी उचलायला येऊन परत जायचा.

एकदा मलाही पुतण्या म्हणून नेलं. समोर टाय लावलेला एक तरतरीत पुणेरी गडी बसला. त्याने अप्पांना 'सर' म्हणून बराच चढवला, पण अप्पा ढिम्म. मग त्याने मोर्चा वळवला. "मॅडम, तुम्ही सांगा. तुमच्या स्वप्नातली सुट्टी कशी असेल? समुद्र? बर्फ? डोंगर?"

गौराक्कांनी चमचा खाली ठेवला. त्यांना असं काही कुणी विचारलं नसावं. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, "समुद्र असू दे, न्हायतर माळ असू दे. आट दिवस मला कुनी 'सैपाक झाला का' म्हनून इचारू नये बगा."

टायवाला हसला, कारण त्याला हसायचा पगार होता. मी हसलो. अप्पा हसले नाहीत. त्या दिवशीची भेट होती गरम पोळ्यांचा डबा. तो त्यांनी परतताना रिक्षात मांडीवर तसाच धरला होता, उलटा करूनही बघितला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा जिना चढून वर आले. आयुष्यात पहिल्यांदा. एरवी ते खालून काठीने छत ठोकून मला बोलवायचे. आतापर्यंत जमवलेली सगळी रंगीत पत्रकं त्यांनी माझ्या टेबलावर ओतली आणि म्हणाले, "वकील, ह्यातली कुटली खरी ते बगू."

मग आमचा अभ्यास सुरू झाला. एका कंपनीत ठरलेलं ठिकाण आणि ठरलेला आठवडा, दर वर्षी तोच. "म्हंजे पंचवीस वर्षं त्योच डोंगर बगायचा? तेवड्यात डोंगर झिजंल की," अप्पा म्हणाले. दुसरीत सोनेरी, हिरवा आणि राखाडी असे हंगाम. सोनेरी म्हणजे दिवाळी आणि मे महिना, त्याची किंमत ऐकूनच अप्पांनी पाणी मागितलं. राखाडी म्हणजे ज्या दिवसांत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही ते दिवस. तिसरीत पॉइंट. वर्षाला इतके पॉइंट मिळणार, चांगल्या जागेला जास्त खर्ची पडणार, वाईट जागेला कमी. "ह्ये तर रेशनकार्ड झालं," असं म्हणून अप्पांनी तेही बाजूला केलं.

सगळ्यांत जास्त ते अडले वार्षिक देखभालीवर. मेंबरशिपचे पैसे एकदा भरून संपत नाहीत, पुढे दर वर्षी देखभालीची रक्कम द्यावी लागते, ती वाढत जाते आणि तुम्ही त्या वर्षी गेलात न गेलात तरी ती चुकत नाही, हे मी त्यांना समजावलं. अप्पांनी पत्रक उलटंपालटं करून बघितलं. "आपून गेलोच न्हाय, झोपलोच न्हाय, तर चादर कुनाची धुत्यात?" सोलापूरच्या माणसाला चादरीवरून फसवणं अवघड आहे. त्यातून दुसऱ्या गावच्या रिसॉर्टला जायचं तर अदलाबदलीची फी वेगळी, हप्त्यांनी घेतलं तर व्याज वेगळं, जेवण तर वेगळंच. आणि नको झाली म्हणून विकायला काढली तर कुत्रंही विचारत नाही.

मी माझ्या धंद्याला जागून शेवटचा हिशेब मांडला. एवढी रक्कम बँकेत ठेवीत ठेवा, येणाऱ्या व्याजात दर वर्षी वाटेल त्या हॉटेलात राहा, मुद्दल जागच्या जागी. हिशेब बिनतोड होता. अप्पांनी तो दोनदा ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुजं. पन बँकेत पैसं ठिवलं तर मी जाईन का रं?"

मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

"मी मला वळखतो की. बँकेत ठिवलं तर म्हनीन, ह्या साली ऱ्हाऊ दे, लगीनसराई हाय. फुडच्या साली म्हनीन, जत्रा हाय. असंच चाळीस वर्षं म्हनत आलोय. पैसं आदीच अडकलेलं असलं, की जीव तुटतो बग, मग मानूस उटून जातो. गौराला आट दिवस न्यायचंय मला. ते बँकेला जमत न्हाय."

इतक्या वर्षांत अप्पांनी केलेला हा एकमेव हिशेब, जो मला खोडता आला नाही. या योजनांचा याहून खरा उपयोग कुठल्याही टायवाल्याने मला सांगितलेला नाही. अप्पांचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि तो पुरते चार दिवससुद्धा टिकला नाही.

कारण चौथ्या दिवशी त्यांनी सगळा अभ्यास गुंडाळून ठेवला आणि एका भलत्याच कंपनीच्या कागदावर सही करून आले. पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री, राखाडी हंगाम. का? तर त्या कंपनीने भेट म्हणून हिंडालियमची कढई दिली होती. अप्पांनी ती माझ्या टेबलावर आदळली, तशी माझी शाईची दौत उडाली. "बूड बग! जे लोक फुकटची कढई एवड्या जाड गेजची देत्यात, ते मानूस फसवतील व्हय?" मी म्हणालो, अप्पा, दहा दिवसांच्या आत रद्द करता येतं, मी अर्ज लिहितो. "इल्ला," अप्पा म्हणाले, म्हणजे नाही. ते कानडीत शिरले की विषय संपला. मग खाजगी आवाजात पुढे म्हणाले, "आन वकील, खोलीत किचन हाय. सोताचं किचन! बायरचं कायबाय खायला नको. गौरा कशी खूश होतीय बग."

एकाच गोष्टीवर त्यांची नाराजी होती. मालकी म्हणतात, तर दारावर नाव कुठे घालणार, असं त्यांनी तिथे विचारलं होतं. नाव नसतं सर, असं उत्तर मिळालं. "पंचवीस वर्षं माजं आन नाव न्हाय," असं ते जिना उतरताना स्वतःशीच म्हणत होते.

दिवाळी मिळाली नाही, मे महिना मिळणार नव्हताच. सहामाही परीक्षांच्या दिवसांत, जेव्हा कोकणात उकाडा आणि रिकाम्या खुर्च्या याशिवाय काही नसतं, तेव्हा एक खोली मिळाली. चौघांची सोय होती म्हणून आम्हा नवरा-बायकोला सोबत घेतलं; गाडी माझी होती हेही एक कारण असावं. डिकीत ज्वारीचं पीठ, तांदूळ, शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्यांची चळत, परात, पोळपाट-लाटणं आणि सगळ्यांवर विराजमान ती कढई. आमच्या बॅगा आम्ही मांडीवर घेतल्या. कऱ्हाड यायच्या आत अप्पांना चार फोन आले. शटर खाली का, अप्पा बरे आहेत ना? "हाय बे जित्ता," ते प्रत्येकाला ओरडून सांगत होते. त्यांना त्यात मजा येत होती.

खोली छान होती. गॅलरीतून समुद्र दिसायचा. किचन म्हणजे एक ओटा, इंडक्शनची शेगडी आणि चार भांडी, आणि त्याच्या वापराचे रोजचे वेगळे पैसे. गौराक्कांनी पहिल्या संध्याकाळी पदर खोचला आणि रिसॉर्टच्याच भांड्यांत चौघांचा स्वयंपाक केला. समुद्र त्यांच्या पाठीमागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा लुंगी नेसून गॅलरीतल्या खुर्चीत बसले, पाय कठड्यावर, चेहऱ्यावर मालकाचं समाधान. आत गौराक्का पीठ मळत होत्या. अप्पांनी समुद्रावर नजर फिरवली, आळस दिला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तोंड मागे वळवून हाक मारली, "गौरा, सैपाक झाला का?"

आतला परातीचा आवाज थांबला. नळ सुरू झाला, बंद झाला. गौराक्का हात पुसत बाहेर आल्या, पायात चपला सरकवल्या आणि कुणाकडेही न बघता दार उघडून निघून गेल्या. गॅलरीतून आम्हाला त्या खाली दिसल्या. वाळू तुडवत, सुरूच्या झाडांखालच्या बाकापर्यंत गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

"काय झालं तिला?" अप्पांनी विचारलं.

माझी बायको फटकळ आहे. त्या पहिल्या पेल्याचा हिशेबही तिच्या मनात बाकी असावा. ती म्हणाली, "अप्पा, त्या टायवाल्याने विचारलं तेव्हा गौराक्का काय म्हणाल्या होत्या, आठवतंय का? हे म्हणतात, ते ऐकून तुम्ही हसला नव्हता."

अप्पांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांना सगळं आठवत होतं. त्या एका वाक्यासाठी तर त्यांनी पैसे अडकवले होते, चाळीस वर्षांत न पाडलेलं शटर पाडलं होतं, आणि इतकं सगळं करून बायकोला सोलापूरच्या ओट्यावरून उचलून कोकणातल्या ओट्यासमोर उभं केलं होतं. "आयला," ते म्हणाले. मग उठले, लुंगी वर खोचली आणि आत गेले. "तुमी दोगं बायेर बसा. कुनी आत यायचं न्हाय."

आम्ही गॅलरीच्या दारातून बघत होतो. ज्याने अख्ख्या बाजाराला पातेली विकली, त्याने त्यातल्या एकातही कधी चमचा फिरवला नव्हता. बेसन, मिरची, तेल एवढं त्यांना सापडलं. त्यांनी मोठ्या इतमामाने ती कढई काढली आणि शेगडीवर ठेवली. शेगडी ओरडली. कढई उचलून परत ठेवली, शेगडी परत ओरडली. मग अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. इंडक्शनवर हिंडालियम तापत नाही, हे ते स्वतः रोज दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे. ज्या बुडावर भरवसा ठेवून पंचवीस वर्षांची सही केली, ते बूड तिथल्या शेगडीला मान्य नव्हतं. शेवटी रिसॉर्टचं पातळ पत्र्याचं पॅन त्यांनी दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसं उचललं आणि त्यात पिठलं केलं.

ते करपलं. वास बाहेरपर्यंत आला. अप्पांनी ते ताटलीत काढलं, बाजूला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली आणि लुंगी सावरत, वाळूत पाय रुतवत खाली गेले. आम्ही मागोमाग गेलोच, राहवतं कुणाला? अप्पा बाकासमोर ताटली धरून उभे होते. गौराक्कांनी ती घेतली, घास घेतला, चावला.

"करपलंय."

"बूड पातळ हाय त्याचं," अप्पा म्हणाले.

"बुडाला काय झालंय? ढवळलं न्हाय तुमी."

पण त्यांनी ताटली पुसून खाल्ली. बोटं चाटली. मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, "उद्या मीठ जरा कमी घाला." अप्पा माझ्याकडे बघून असे हसले, की जणू दिवाळीचा सोनेरी हंगाम फुकटात मिळालाय. निघायच्या दिवशी त्यांनी ते पॅन उलटं केलं, खिळा आणि बत्त्याने ठोकून ठोकून बुडावर 'गौरा' असं नाव घातलं आणि जागेवर ठेवून दिलं. रिसॉर्टच्या माणसाने भांडी मोजून घेतली. पालथं करून बघायची अक्कल त्याला नव्हती.

पुढे दर वर्षी आम्ही चौघं राखाडी हंगामात कुठे कुठे जात राहिलो. ठिकाण बदलायचं, बेत एकच. आठ दिवस अप्पा स्वयंपाक करायचे आणि गौराक्का गॅलरीत पाय वर घेऊन बसायच्या. उन्हं चढली की त्या समुद्राकडे, डोंगराकडे, जे काय समोर असेल त्याकडे तोंड ठेवून मोठ्याने विचारायच्या, "सैपाक झाला का वो?" आतून उत्तर यायचं, "पाच मिन्टं!" ती पाच मिनिटं तासाभराची असायची. अप्पांचं पिठलं इतक्या वर्षांत सुधारलं नाही. देखभालीची रक्कम, गाडीचं पेट्रोल आणि किचनचे जादा पैसे धरले तर ते देशातलं सगळ्यात महाग पिठलं असावं, असं मी त्यांना म्हणायचो. "बाजारात बोलू नको," एवढंच ते म्हणायचे. आणि ही क्रांती सोलापूरच्या टोलनाक्यापर्यंतच असायची. परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी खालून तीच हाक यायची, आणि गौराक्का तोच स्वयंपाक करायच्या. तेव्हा मात्र त्या हसायच्या, असं दुकानातले नोकर सांगतात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अप्पा लिंगैक्य झाले. दुपारी गादीवर बसल्या बसल्या गेले. मी जिना उतरून खाली आलो, तोवर नोकरांनी शटर अर्धं ओढलं होतं. गल्लीत लोक जमले आणि एकाने मला विचारलं, "अप्पा गावाला गेलेत का?" मी उरलेलं शटर खाली ओढलं. अप्पा हा माणूस मला फार आवडायचा. भाडं वाढवताना, सोफा भिजवताना, खोटंनाटं वकील म्हणताना, सगळ्या वेळी आवडायचा.

गौराक्का रडल्या नाहीत. त्यांच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांसाठी त्याच दिवशी चूल पेटली. दिवसभर कुणी ना कुणी आत डोकावून जेवणाचं विचारत होतं आणि त्या वाढत होत्या. मुलगी म्हणाली, आई, मोकळी हो एकदा. त्यांनी मान हलवली आणि आमटीत पाणी घातलं.

काही महिन्यांनी बेंगळुरूहून मुलीचा मला फोन आला. देखभालीचं बिल आलंय, आईला आता कशाला हवं ते, बंद करून टाका. हिशेबाने तिचं बरोबर होतं. मी मेंबरशिप विकायचा प्रयत्न केला, तर दलाल फोनवर खो खो हसला. मग मी गौराक्कांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "भर की रं वकील," त्या म्हणाल्या. "आन खोली सांग. किचन असलेली."

यंदा आम्ही तिघं गेलो. तेच पहिलं रिसॉर्ट मिळालं, खोली मात्र दुसरी. सकाळी गौराक्का गॅलरीत जाऊन बसल्या, पाय वर घेतले. मी ओट्याशी गेलो. पॅन काढलं आणि आधी उलटं करून बघितलं. नाव नव्हतं. बूड मात्र तसंच पातळ.

बायकोने मला घरी आठवडाभर शिकवून ठेवलं होतं. आच बारीक ठेवली, हात थांबू दिला नाही. मिरची घातली, बेसन लावलं, ढवळत राहिलो. बाहेरून आवाज आला, समुद्राकडे तोंड करून, नेहमीसारखा मोठ्याने:

"सैपाक झाला का वो?"

मग मी म्हणालो, "पाच मिन्टं!"

ताटली नेऊन त्यांच्या हातात दिली. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटली मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"करपलं न्हाय की रं ह्ये," गौराक्का म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.